‘ट्वायलाइट’ आणि आमच्या तिन्हीसांजा

कोशकाराचें काम कठीण खरें, आणि त्याबद्दल आभार मानणारेही थोडेच. परक्या भाषेंतील एक शब्द डाव्या बाजूस मांडावा आणि उजव्या बाजूस त्याला आपल्या भाषेंतील जोडीदार मिळवून द्यावा, हें एका परीनें लग्न जुळविण्यासारखेंच आहे. पत्रिका जमते, गोत्राची अडचण नसते, देणेंघेणेंही ठरतें. संसार जमेल कीं नाहीं हें मात्र मागाहून कळावयाचें. इंग्रजी ‘ट्वायलाइट’ आणि मराठी ‘संधिप्रकाश’ हें असेंच एक जमवून दिलेलें जोडपें आहे. शाळेच्या पुस्तकांत, भाषांतरित कादंबऱ्यांत आणि स्वतंत्र म्हणविणाऱ्या लिखाणांतही तें जागोजाग हातांत हात घालून फिरतांना दिसतें. या जोडप्याची थोडी चौकशी करावी असें आम्हीं योजिलें आहे.

कोणी म्हणेल, एका शब्दासाठीं एवढा खटाटोप कशाला? सूर्य मावळल्यावर आणि रात्र पडण्यापूर्वीं जो अंधुक उजेड असतो त्याला इंग्रज एक नांव देतो, आपण दुसरें देतों; इतकेंच ना? आमच्या मतें इतकेंच नाहीं. दिवसाचा हा लहानसा तुकडा असा आहे कीं, त्याला एकाद्या समाजानें दिलेलीं नांवें पाहिलीं म्हणजे त्या समाजाचें अंगण, चूल, गोठा आणि मनांतील भीति या सर्वांचें दर्शन घडतें. आणि त्यांतलीं कोणतीं नांवें विसरलीं गेलीं व कोणतें उरलें हें पाहिलें म्हणजे साहित्याची प्रकृति कशी पालटते तेंही ध्यानांत येतें.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. ‘ट्वायलाइट’मधील ‘लाइट’ म्हणजे प्रकाश हें उघड आहे. ‘ट्वाय’ हा ‘दोन’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक उपसर्गाचा अवशेष होय. आतां ‘दोन प्रकाश’ म्हणजे काय? दोहोंच्या मधला, कीं अर्धा, कीं दिवसाचा आणि रात्रीचा मिळून दुहेरी, याविषयीं इंग्रज व्युत्पत्तिकारांचें अद्यापि एकमत नाहीं. आणि शब्दाचा स्वभाव पाहतां हा संदेह त्याला शोभूनही दिसतो. शब्दार्थानें तो पहाटेसही लागूं पडतो. व्यवहारांत मात्र तो बहुतेक सायंकाळच्याच वांट्यास आला आहे.

ज्योतिःशास्त्रानें या संदिग्ध वेळेचे नेमके तीन भाग पाडिले आहेत. सूर्यबिंब क्षितिजाखालीं ६ अंश जाईपर्यंतचा तो नागरी, ६ पासून १२ अंशांपर्यंतचा नाविक आणि १२ पासून १८ अंशांपर्यंतचा खगोलीय. पहिल्यांत मोकळ्या जागीं दिव्यावांचून काम करतां येतें. दुसऱ्यांत खलाशाला समुद्राच्या क्षितिजाची रेघ आणि ठळक तारे हीं दोन्ही एकदम दिसतात, म्हणून ताऱ्यांची उंची मोजून त्याला आपल्या जहाजाचें ठिकाण काढतां येतें. तिसरा सरला म्हणजे आकाश पुरतें काळें होऊन अगदीं मंद तारेही दृष्टीस पडूं लागतात. येथें एक गोष्ट आमच्या वाचकांनीं मनांत ठेवावी. शास्त्रानेंसुद्धां हे भाग पाडतांना त्या उजेडांत कोण काय करूं शकतो हेंच पाहिलें. आणि नांवेंही त्या त्या माणसाचींच दिलीं: नगरांत राहणारा, नाव हांकणारा आणि तारे पाहणारा.

या वेळेची लांबी सर्व देशांत सारखी नसते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खालीं उतरतो, त्यामुळें नागरी संधिप्रकाश येथें साधारण २२ ते २५ मिनिटांत आटोपतो. लंडन शहर सुमारें ५१॥ अंश उत्तरेस आहे. तेथें सूर्य क्षितिजाशीं तिरपा होऊन रेंगाळत जातो, आणि ऐन उन्हाळ्यांत हाच भाग पाऊण तासाहून अधिक टिकतो. एडिंबरो येथें तो तासाच्या घरांत जातो. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापलीकडेपर्यंत लंडनची रात्र शास्त्राच्या दृष्टीनें पूर्ण काळी होतच नाहीं. आणि अगदीं उत्तरेच्या शेटलंड बेटांत तर जूनमधील रात्रभर टिकणाऱ्या या अंधुक उजेडाला ‘सिमर डिम’ असें निराळें लाडकें नांव आहे. याचा अर्थ असा कीं, इंग्रज किंवा स्कॉटिश कवि या उजेडांत फिरावयास निघूं शकतो, एकाद्या कुंपणाशीं थबकूं शकतो, प्रेयसीची वाट पाहूं शकतो, आणि ती न आल्यास खिन्न होऊन परतूंही शकतो. तरी उजेड शिल्लक असतोच. आमच्याकडे समईची वात सारखी करून दाराबाहेर पाहावें तों रात्र झालेली असते. त्यांची ही वेळ म्हणजे राहण्याची ओसरी आहे; आपली ओलांडण्याचा उंबरठा आहे.

आतां ‘ट्वायलाइट’च्या भाऊबंदांकडे वळूं. ‘डस्क’ हा मुळांत काळवेळेचा शब्दच नव्हे. तो रंगाचा शब्द. जुन्या इंग्रजींत त्याचा पूर्वज ‘काळसर, सांवळा’ या अर्थानें येतो, आणि सतराव्या शतकांत तो सायंकाळच्या शेवटल्या, अधिक गडद भागाचें नांव बनला. म्हणून ‘ट्वायलाइट’ म्हणतांना इंग्रजाची नजर उरलेल्या उजेडावर असते, तर ‘डस्क’ म्हणतांना दाटत चाललेल्या अंधारावर. ‘नाइटफॉल’मध्यें रात्र वरून खालीं पडते, तो शब्द घटनेचा आहे, प्रवाशाच्या आणि सैनिकाच्या उपयोगाचा. ‘इव्हनटाइड’ हा फार जुना शब्द. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत इसहाक शेतांत चिंतन करावयास जातो तो याच वेळेस, आणि तेव्हांपासून त्या शब्दाला प्रार्थनामंदिराचा वास लागला आहे. ‘क्रेपस्क्यूल’ लॅटिनांतून आला. त्याच्या मुळाशीं ‘संशयास्पद, अनिश्चित’ हा अर्थ आहे. तो बहुश्रुतांच्या शब्दसंग्रहांत राहिला, आणि आज त्याचें विशेषण प्राणिशास्त्रांत पहाटे व सायंकाळीं हिंडणाऱ्या जनावरांस लावितात.

‘ग्लोमिंग’ची कथा विशेष मनोरंजक आहे. ऐकणाराला त्यांत ‘ग्लूम’ म्हणजे खिन्नता असल्याचा भास होतो. परंतु व्युत्पत्ति त्याला ‘ग्लो’ म्हणजे मंद झळाळी या शब्दाकडे नेते. जुन्या इंग्रजींतील हा शब्द दक्षिणेकडे लोपला, स्कॉटलंडांत मात्र बोलींत जिवंत राहिला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट बर्न्स व इतर स्कॉटिश लेखक यांच्या हातून तो पुनः इंग्रजी साहित्यांत आला. ज्या प्रदेशांत ही वेळ अधिक लांब त्याच प्रदेशानें तिचें जुनें नांव जतन करावें, हें सहज पटण्यासारखें आहे. येथपर्यंत पाहिलें तर या शब्दांस ‘समानार्थी’ म्हणणें किती ढिलेपणाचें आहे हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. वेळ एक आहे. पाहणारे निरनिराळे आहेत.

पण हे सारे शब्द आकाशाकडे पाहणारांचे झाले. जमिनीकडे पाहणारांचे शब्दही इंग्रजींत होते, आणि आमच्या विषयाचें मर्म त्यांतच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘आंधळ्याची सुटी’ अशा अर्थाचा एक वाक्प्रचार प्रचलित होता. स्विफ्टनें सभ्य लोकांच्या पोकळ संभाषणाची थट्टा करणारें पुस्तक १७३८ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांतही तो आढळतो. बाहेरच्या उजेडांत काम दिसत नाहीं आणि मेणबत्ती लावण्याइतका अंधारही झालेला नाहीं, अशा हात जोडून बसण्याच्या वेळेला हें नांव. ‘कॉकशट’ हा शब्द शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकांत आला आहे. रानांतले वुडकॉक पक्षी सायंकाळीं झाडींतील मोकळ्या वाटेनें झेपावतात, तेव्हां त्यांना जाळ्यांत धरण्याची ती वेळ, असें कोणी सांगतात. कोंबडीं खुराड्यांत कोंडण्याची वेळ, असें दुसरे सांगतात. अर्थ कोणताही घ्या, शब्दाला पिसांचा वास आहे. १६१२ सालीं लॅंकेशायरांत चेटक्यांवर जो प्रसिद्ध खटला झाला त्याच्या छापील वृत्तांतांत सूर्यास्ताच्या वेळेला ‘डेलाइट गेट’ म्हटलें आहे; तेथें ‘गेट’ म्हणजे दरवाजा नसून जाण्याची वाट, अर्थात् उजेडाच्या निघून जाण्याची वेळ. ज्या साक्षींत सैतान भेटल्याच्या गोष्टी आहेत त्यांतच हा शब्द यावा, हेंही सहेतुकच वाटतें. ‘घुबड-उजेड’ असाही एक शब्द होता. आणि खाडीपलीकडे फ्रेंचांत तर आजही या वेळेला ‘कुत्रा आणि लांडगा यांच्या मधली’ म्हणतात. समोरून येणारें जनावर आपल्या घरचें कीं रानांतलें हें ओळखूं येईनासें होतें तीच ती वेळ. एवढ्याशा वाक्प्रचारांत मेंढपाळाची सारी छाती धडधडते.

हे शब्द लोपले कां? कोणी कवीनें त्यांस बहिष्कृत केलें नाहीं. ते दिव्याच्या उजेडांत विरून गेले. इंग्लंडांत मेणबत्त्यांवर १७०९ पासून १८३१ पर्यंत सरकारी कर होता. गरिबाच्या घरीं लव्हाळ्याची काडी सोलून चरबींत बुडवून तिचाच दिवा करीत. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या गांवच्या निसर्गवर्णनांत असा हिशेब मांडिला आहे कीं, या लव्हाळ्यांच्या दिव्यांवर गरीब कुटुंबाला एका फार्दिंगांत, म्हणजे पेनीच्या चौथ्या हिश्शांत, साडेपांच तास उजेड मिळूं शकतो. जेथें उजेडाचा हिशेब असा फार्दिंगांत होई तेथें दिवा नेमका केव्हां लावावयाचा हा प्रश्न संसाराचा होता, आणि म्हणून त्या वेळेला संसारांतलीं नांवें होतीं. पुढें १८१३ सालीं वेस्टमिन्स्टरच्या पुलावर गॅसचे दिवे लागले. हळूहळू रस्ते उजळले, घरें उजळलीं, मग वीज आली. आंधळ्याची सुटी संपली, खुराडें शहराबाहेर गेलें, लांडगा तर इंग्लंडांतून त्याच्या कितीतरी आधींच नाहींसा झाला होता. कामाचे शब्द गळून पडले आणि शोभेचे उरले.

या पालटाची खूण काव्यांत स्पष्ट दिसते. ग्रेची स्मशानांतील सुप्रसिद्ध विलापिका १७५१ सालीं प्रसिद्ध झाली. इंग्रजींतील सायंकाळचें एवढें प्रख्यात वर्णन दुसरें क्वचित् असेल. परंतु त्या सबंध कवितेंत ‘ट्वायलाइट’ नाहीं, ‘डस्क’ नाहीं, ‘ग्लोमिंग’ही नाहीं. विस्तव झांकण्याची घंटा वाजते, गुरें रानांतून परततात, नांगऱ्या थकल्या पायांनीं घराकडे वळतो, घुबड तक्रार करितें. आणि ज्यांच्यासाठीं आतां चूल पेटणार नाहीं, ज्यांच्या गुडघ्यांवर पोरें चढणार नाहींत, ते खेडूत मातीखालीं निजले आहेत. सायंकाळचें नांव न घेतां कवीनें सायंकाळ उभी केली ती तिच्यांत चालणाऱ्या कामांच्या आणि थांबलेल्या कामांच्या बळावर. याच्याशेजारीं वर्ड्‌स्वर्थचें १८१५ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘ट्वायलाइट’ला उद्देशून लिहिलेलें सुनीत ठेवून पाहावें. तेथें ही वेळ स्वतःच सिंहासनावर बसली आहे. दिवसाचे सारे क्षणभंगुर भेद ती पुसून टाकते, आणि लांडग्याचें कातडें पांघरणाऱ्या प्राचीन ब्रिटनवासी माणसानें जें दृश्य पाहिलें तेंच आजच्या माणसास दाखविते. कविता थोर आहे. कल्पना तर विशेषच थोर आहे. परंतु ग्रेच्या सायंकाळीं माणसें काम आटोपून घरीं जातात, आणि वर्ड्‌स्वर्थच्या सायंकाळीं एक माणूस उभा राहून विचार करितो, हा भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. पुढील कवींनीं उचलली ती दुसरी रीत. आणि दुसऱ्या रीतीला वर्ड्‌स्वर्थची बुद्धि लागते, हें बहुतेकांनीं लक्षांत घेतलें नाहीं.

एकदां शब्द कामांतून मोकळा झाला म्हणजे त्याला रूपकाची नोकरी लागते. शेक्सपिअरच्या १६०९ सालीं छापलेल्या सुनीतांपैकीं एकांत वार्धक्याला ‘ट्वायलाइट’ची उपमा आहे, परंतु तेथें ती एकटी येत नाहीं. आधीं पानें झडलेली फांदी येते, मागून स्वतःच्याच राखेंत विझत चाललेला विस्तव येतो, आणि त्या दोहोंच्या मध्यें ही सायंकाळ वाचकाला खरोखर अंधाराकडे नेते. पुढें जर्मनींतून ‘देवांची सायंकाळ’ आली. उत्तरेकडील पुराणांत ‘रग्नरोक’ म्हणजे देवांचा विधिलिखित अंत. पण त्याला अगदीं जवळचा असा ‘अंधार’ या अर्थाचा दुसरा शब्द होता, आणि तेराव्या शतकांतील स्नोरीच्या गद्य एड्डांत तोच योजिला आहे. त्या एवढ्याशा उच्चारभेदानें प्रलयाची सायंकाळ झाली. आणि वाग्नरनें आपल्या नाट्यसंगीतचतुष्टयाच्या शेवटच्या भागाला तेंच नांव दिलें. त्याचा पहिला प्रयोग १८७६ सालीं बायरॉइट येथें झाला. १८९३ सालीं येट्सनें आयर्लंडांतील लोककथांच्या आपल्या संग्रहाला ‘केल्टिक ट्वायलाइट’ हें नांव दिलें, आणि तें पुढें एका सबंध वाङ्मयीन संप्रदायाला चिकटलें. साम्राज्यांची सायंकाळ, युगाची सायंकाळ, असे प्रयोग मग इतके बोकाळले कीं, आज म्हातारपणाला ‘ट्वायलाइट’चीं वर्षें म्हणतात तें त्याचा कडवटपणा झांकण्यासाठींच. शेक्सपिअरनें जो शब्द सत्य सांगण्यासाठीं वापरिला तोच आतां सत्यावर पातळ पडदा घालण्याच्या कामीं येतो. आमच्याकडे जो शब्द आयात झाला आहे तो या अवस्थेंतला आहे, हें विसरूं नये.

आतां आपल्या घराकडे वळूं. ‘संधिप्रकाश’ हा शब्द वाईट नाहीं. ‘संधि’ म्हणजे सांधा; दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरचा प्रकाश. ‘संध्या’ या प्राचीन शब्दाशीं त्याचें नातें मानितात, आणि प्रातःसंध्या व सायंसंध्या या दोन्ही उच्चारांत पहाट आणि सांज यांना सारखाच मान आहे. शास्त्रीय संज्ञा म्हणून तो निर्दोष आहे. अमरकोशांत याच वेळेचे ‘प्रदोष’ आणि ‘रजनीमुख’ हे आणखी दोन शब्द आहेत. त्यांतील ‘प्रदोष’ हा शिवाच्या उपासनेमुळें आजही घरोघरच्या पंचांगांत जिवंत आहे.

परंतु मराठी माणसाच्या तोंडचे शब्द निराळेच. ‘दिवेलागण’ पाहा. या शब्दांत आकाश नाहीं; घर आहे. कोणीतरी कंदिलाची कांच राखेनें पुसली आहे, देवापुढें निरांजन लागलें आहे, तुळशीपुढें पणती ठेविली आहे, मुलें हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणावयास बसलीं आहेत आणि मग वडील माणसांस नमस्कार करावयाचा आहे. ‘गोरज’ पाहा. घराकडे परतणाऱ्या गाईंच्या खुरांनीं उडालेली धूळ, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या धुळीनेंच लग्नाचा एक मुहूर्त पावन केला आहे, आणि ज्या रस्त्यावर गाय दिसणें कठीण अशा शहरांतील मंगलकार्यालयाच्या निमंत्रणपत्रिकेवरही तो अजून छापिला जातो. ‘तिन्हीसांजा’ हा शब्द बहुवचनी, आणि त्याच्यामागें निषेधांची एक सबंध स्मृति उभी आहे: या वेळीं निजूं नये, केर काढूं नये, केस विंचरूं नयेत, कोणाला घरांतून मीठ वा पैसा देऊं नये, भांडूं तर मुळींच नये. ‘तिन्हीसांजेचें असें कां बोलतोस!’ एवढें वाक्य आजीनें उच्चारिलें कीं घरांतील कलह जागच्या जागीं थांबे. ‘कातरवेळ’मध्यें भीति आहे, ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. तान्हें मूल कारणावांचून रडूं लागतें, सासुरवाशिणीला माहेर आठवतें, बाहेर गेलेला माणूस अजून कां आला नाहीं म्हणून दाराकडे नजर जाते. आणि देशावरच्या शेतकऱ्याचें ‘कडुसें पडलें’ हें या सर्वांहून रोखठोक. औत सोडण्याची, बैलांना पाणी दाखविण्याची आणि वाट दिसते आहे तोंवर गांव गांठण्याची ती सूचना आहे. आंधळ्याची सुटी, कोंबडीं कोंडण्याची वेळ, कुत्रा-लांडग्याची वेळ, यांचे हे सख्खे भाऊ आहेत. इंग्रजीनें ते गमाविले. आपल्या घरीं ते अजून आहेत.

आमची तक्रार आहे ती येथें. भाषांतरकार कथेंतील शेतकऱ्याला ‘संधिप्रकाशांत’ घरीं आणितो, आईला ‘संधिप्रकाशांत’ दिवा लावावयास सांगतो, आणि भुताला भिणाऱ्या मुलालाही ‘संधिप्रकाशांत’च रडवितो. वाक्य व्याकरणाला धरून असतें, कोशालाही धरून असतें. पण शेतकऱ्याच्या पायांची धूळ, आईच्या हाताची वात आणि मुलाच्या छातीची धडधड या तिन्ही गोष्टी एकाच अंधुक रंगांत मिसळून जातात. भाषांतरांत हा दोष एक वेळ क्षम्य मानतां येईल. परंतु ज्याला कोणतेंही इंग्रजी पुस्तक समोर धरावयाचें नव्हतें असा आमचा कथाकारही जेव्हां कोंकणांतील आपल्या आजोळच्या अंगणावर ‘संधिप्रकाश पसरला’ असें लिहितो, तेव्हां तो स्वतःच्या आठवणीचें इंग्रजींतून भाषांतर करीत असतो. त्याच्या आजीनें तो शब्द जन्मांत उच्चारिला नसेल. आणि आजीचा शब्द गेला म्हणजे त्याच्याबरोबर तिचा हात, तिचा धाक आणि तिची काळजी हींही कथेंतून निघून जातात. मागें उरते ती एक सुंदर, शांत, कोणाच्याच मालकीची नसलेली उदासी.

याच्या उलट बाजूही मांडिली पाहिजे. ‘संधिप्रकाश’ साहित्यांत वर्ज्यच करावा असें आमचें म्हणणें नाहीं. बा. भ. बोरकर यांनीं आयुष्याच्या शेवटच्या निरोपाच्या कवितेंत हा शब्द योजिला आहे, आणि तेथें दुसरा कोणताही शब्द चालला नसता. कारण कवीला खरोखरच सांध्याविषयीं, जगणें आणि जाणें यांच्या जोडरेषेविषयीं बोलावयाचें होतें. ‘संधि’ या पदांतील अर्थ तेथें जागा आहे. ग्रेस यांनीं १९६७ सालच्या आपल्या पहिल्या संग्रहाला नांव दिलें तें ‘संध्याकाळच्या कविता’ असें. आधुनिक मराठींतील अत्यंत दुर्बोध मानल्या गेलेल्या कवीला आपल्या दारावर लावण्यासाठीं पोराबाळांच्या तोंडचाच शब्द पुरला. दोघांनींही शब्द पारखून घेतला आहे. आमचा आक्षेप न पारखतां घेण्याला आहे.

आणखी एक शंका विचारी वाचक काढतील, आणि ती अधिक अवघड आहे. भिंतीवरची कळ दाबतांच जेथें दिवा लागतो, जेथें गोठा नाहीं आणि तुळस गॅलरींतील कुंडींत आहे, तेथें दिवेलागण आणि गोरज हे शब्द लिहिणें हेंही खोटेंच नव्हे काय? इंग्रजांचे शब्द जसे काळानें गेले तसे आपलेही जाणार. त्यांना लेखणीच्या टेकूवर किती दिवस उभें ठेवावयाचें? या शंकेंत सत्य आहे. जो लेखक सातव्या मजल्यावरच्या आपल्या बिऱ्हाडांत ‘गोरज’ उधळतो, तोही आजीच्या आठवणीचा दिखाऊ व्यापारच करितो, आणि त्याची बाजू आम्ही घेणार नाहीं. परंतु यावरून निष्पन्न होतें तें एवढेंच कीं, आजच्या सायंकाळचें काम लेखकानें आजच्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. त्या सातव्या मजल्यावरही या वेळेस कांहीं घडतच असतें. खालीं खेळणाऱ्या मुलांना वरून हांक मारिली जाते. कोणी उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहतें. समोरच्या इमारतींतील खिडक्या एकेक उजळूं लागतात, आणि एक तशीच काळी राहते. कदाचित् वीज असूनही त्या घरांतली म्हातारी देवापुढचें निरांजन आधीं लावीत असेल आणि मगच कळ दाबूं देत असेल. तेथें ‘दिवेलागण’ हा शब्द अजून खरा आहे. जेथें तो खरा नसेल तेथें लेखकानें नवा शब्द शोधावा, किंवा ग्रेप्रमाणें शब्दावांचून ती वेळ उभी करावी. ‘संधिप्रकाश’ लिहून या दोन्ही श्रमांतून सुटका करून घेऊं नये.

भाषांतरकारांसाठीं आम्ही एक साधी कसोटी सुचवितों. इंग्रजी पानावर ‘ट्वायलाइट’ आला कीं कोश उघडण्याच्या आधीं स्वतःला विचारावें: ही वेळ कोणाची? खलाशाची असेल तर ‘संधिप्रकाश’ खुशाल लिहावा. त्याला क्षितिजच पाहावयाचें आहे. घरधनिणीची असेल तर दिवेलागण, गुराख्याची असेल तर गोरज, भ्यालेल्याची असेल तर कातरवेळ, भांडणाच्या तोंडावर आलेल्या घराची असेल तर तिन्हीसांजा. आणि ती जर खरोखर स्कॉटलंडांतील उन्हाळ्याची, तासभर रेंगाळणारी, फिरावयास निघालेल्या प्रेमिकांची वेळ असेल, तर आपल्याकडे तशी वेळच नाहीं हें ओळखून तिचा लांबपणा वाक्याच्या लांबींत आणावा. एका मराठी शब्दांत ती कोंबण्याचा आग्रह धरूं नये. ज्या मूळ पानावर कोणाचीच वेळ सांपडणार नाहीं, नुसताच एक गोड अंधुकपणा पसरलेला आढळेल, त्या पानाचें भाषांतर करण्यापूर्वीं तें करण्यायोग्य आहे कीं नाहीं याचाच विचार आधीं करावा, असें आमचें नम्र मत आहे.